याकोबमामांचं ताट

याकोबमामा जेवायला बसले की आधी ताटाला कान लावायचे.

हे मी अलंकारिक बोलत नाही. मामा मांडी घालून बसत, डोळे मिटून प्रार्थना करत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवत आणि उजवा कान भाकरीपासून चार बोटांवर येईल इतके खाली वाकत. विहिरीत दगड टाकल्यावर माणूस आवाजाची वाट बघत थांबतो, तसा त्यांचा चेहरा व्हायचा. समोर बसलेल्याचा घासही हातातल्या हातात थांबायचा. मग मामा सरळ होत, टोपी डोक्यावर चढवत आणि समाधानानं म्हणत, "तकरार न्हाई." त्यानंतर दोन भाकरी, वांग्याची भाजी, बुक्की मारून फोडलेला कांदा, असं जेवण सुरू व्हायचं.

पहिल्यांदा बघणारा हसायचा. दुसऱ्यांदा बघणारा हसत नसे.

मी गंगाखेडला हायस्कुलात मराठी शिकवायला आलो तेव्हा आमच्या आणि मामांच्या घरात एकच भिंत होती. मामा जनावरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. डॉक्टर सुई टोचणार आणि मामा बैल धरणार, अशी वाटणी. सहा फूट उंची, हात फावड्यासारखे, पण बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटले की बैल मान खाली घालून उभा राहायचा. गावात ख्रिस्ती मंडळींची वीसेक घरं होती. मामा त्या मंडळीचे पंच. मार्थामामी रविवारच्या शाळेत मुलांना गाणी शिकवायच्या. आणि मार्थामामी मटण करायच्या.

इथं मला एक कबुली द्यायला पाहिजे. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. पण दर रविवारी चर्चमधली उपासना सुटली की मी मामांकडे बुद्धिबळ खेळायला जायचो. निदान सुलभेला, म्हणजे माझ्या बायकोला, तसं सांगितलेलं होतं. पट काखेत मारून जायचो आणि तसाच परत आणायचो. मधल्या वेळात मामींच्या हातचा काळ्या मसाल्याचा रस्सा, ज्वारीची भाकर आणि वर मूठभर बडीशेप. घरी आल्यावर सुलभा विचारायची, आज कोण जिंकलं. मी म्हणायचो, मामा.

ते वर्ष विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हाचं. त्या पावसाळ्यात आमच्या भागात काय झालं ते ज्यांनी पाहिलं ते अजून फारसं बोलत नाहीत. गावोगावच्या दलित वस्त्या जळल्या. मेलेल्या जनावरांचे पंचनामे करायला जिल्ह्यातल्या दवाखान्यांतून माणसं उचलली, त्यात मामा गेले. चार दिवसांनी परत आले. आल्या आल्या आडावर उभे राहून अंगावर पाणी ओतत होते. मी भिंतीच्या अलीकडून मोजत नव्हतो, पण पोहऱ्याचा आवाज बराच वेळ थांबला नाही. मग घरात जाऊन त्यांनी मामींना सांगितलं की आजपासून माझ्या ताटात मटण नको, मासळी नको, अंडंही नको.

मला हे काही ठाऊक नव्हतं. रविवारी मी पट घेऊन हजर. मामींनी पुढ्यात वरणाची वाटी ठेवली. आणि मामा टोपी काढून वाकले. मी विचारलं, मामा, काय ऐकताय. ते डोळे न उघडता म्हणाले, "कुनी हाय का बगायलोय."

माझ्या पाठीतून काहीतरी सरकत गेलं. पण खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष त्या वरणाकडे होतं.

महिनाभर मी वाट बघितली. माणूस दंगलीतलं बघून हबकलाय, जाईल हळूहळू, असं वाटलं. गेलं नाही. मामी म्हणाल्या, तुमच्यापुरतं करते. पण यजमान समोर वरणाला कान लावून बसलेला असताना हाडूक चोखायचं म्हणजे अवघड. मग मी ठरवलं की मामांना त्यांच्याच धर्मातून पटवायचं. त्यांच्याकडूनच शास्त्र वाचायला मागून घेतलं. मामींना वाटलं, सरांच्या मनात काही चाललंय, आणि त्यांनी माझ्यासाठी रोज प्रार्थना सुरू केली. माझ्या मनात फक्त रस्सा होता.

तीन आठवडे वाचून मी तयारीनं गेलो. पेत्र घराच्या धाब्यावर प्रार्थना करत असताना आकाशातून चादर उतरली, तिच्यात सगळे प्राणी होते आणि मारून खा असा हुकूम झाला, तो दाखला दिला. खुद्द येशूनं किनाऱ्यावर विस्तव करून शिष्यांना मासे भाजून दिले, तो दाखला दिला. वल्हांडण सणाला कापायचं कोकरू काढलं. मामा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, सर, पहिल्या बागेत देवानं माणसाला बी आणि फळ दिलं होतं, कोकरू नंतरचं. आणि परक्या राजाच्या वाड्यात चार पोरं दहा दिवस नुसती डाळ खाऊन राहिली, त्यांचे चेहरे बाकीच्यांपेक्षा तजेलदार निघाले. मी म्हणालो, ती गोष्ट डाळीची नाहीच, राजाचं अन्न नाकारण्याची आहे. मामा म्हणाले, तेच की, नाकारायची मुभा आहे असाच अर्थ झाला.

मग मी हुकमाचं पान टाकलं. पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलंय की नुसती भाजी खाणारा विश्वासानं अशक्त असतो.

मामांनी मान हलवली. "लिवलंय खरं. पन खानाऱ्यानं न खानाऱ्याला हलकं समजू नये, हे बी तिथंच लिवलंय. आनि न खानाऱ्यानं खानाऱ्याला नावं ठेवू नयेत. अशक्त मानसाला बी त्यानं जागा ठेवलीय, सर. त्या जागेवर मी बसलोय."

मी शास्त्र परत केलं आणि रविवारचं बुद्धिबळ खरोखर सुरू झालं. मामा खरोखरच जिंकायला लागले.

इकडे आमच्या आळीत मामांचा भाव वाढला. सुलभा मला त्यांचं उदाहरण द्यायला लागली. भजनी मंडळातले एक सावकाश बोलणारे गृहस्थ तुळशीची माळ घेऊन आले आणि आता ही घालाच म्हणाले. मामांनी माळ दोन्ही हातांनी कपाळाला लावून परत दिली आणि सांगितलं की माझ्या गळ्यात क्रूस आहे आणि गळा एकच आहे. कोपऱ्यावरचे एक निवृत्त कारकून, ज्यांना पंधरा वर्षांत मामांच्या ओट्यावर टेकलेलं कुणी बघितलं नव्हतं, ते एक दिवस येऊन बसले. आता तुमच्याकडचं पाणी घ्यायला हरकत नाही, असं मोठ्या मनानं म्हणाले. मामांनी मामींना तांब्या आणायला सांगितला. मग म्हणाले, "पानी तेच हाय. तांब्या बी तोच हाय. मंग काल काय व्हतं?" कारकून पाणी न पिताच उठले. मामांनी ते पाणी ओट्याखालच्या अबोलीला घातलं.

पण हसण्यासारख्या गोष्टी तिथं संपायच्या.

मामा बाजारातून निघाले की बकऱ्या गप्प व्हायच्या. आधी मला वाटलं, माझाच भ्रम. मग एका रविवारी खाटकाच्या दुकानापुढून त्यांच्याबरोबर जाताना स्वतः बघितलं. चार बकरी बांधलेली, चारही ओरडत होती. मामा दिसले आणि आवाज बंद. चौघांनी माना वळवल्या. आम्ही पुढं जाऊ तसतशा माना वळत राहिल्या. समोर पिशव्या घेऊन उभी असलेली गिऱ्हाइकंही गप्प झाली आणि कुणीतरी, जरा नंतर येतो, म्हणून निघून गेलं. खाटीक करीमभाई हात पुसत आमच्यामागे आला. भला माणूस, भांडायला आला नव्हता. अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "याकोबभाई, तुम पिछली गल्ली से जाव ना. तुमको देखे तो जनावर ऐसे चुप बैठते, मेरा हाथ नही उठता."

त्या दिवसापासून मामा मागच्या गल्लीनं जायला लागले. लांब पडायचं, तरी.

आणि मग त्या दिवाळीचे लाडू. सुलभेनं डब्यातल्या वनस्पती तुपात बेसनाचे लाडू केले होते. फराळाला मामा आणि मामी आले. मामांनी ताटलीला कान लावला. नेहमी लागायचा त्यापेक्षा जास्त वेळ लागला. चिवडा, चकली, करंजी तशीच ठेवून त्यांनी फक्त लाडू उचलला, कानाशी धरला आणि परत ठेवला. म्हणाले, "ताई, ह्याच्यात कुनीतरी हाय."

सुलभेचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. सोवळ्यातले लाडू होते. मामी लाजेनं अर्ध्या झाल्या. मामा मात्र पुन्हा पुन्हा माफी मागत होते आणि पुन्हा पुन्हा त्या लाडवाकडे बघत होते, दारात कुणी ओळखीचं उभं असावं तसं. ते गेल्यावर सुलभा म्हणाली, हा माणूस भ्रमिष्ट झालाय, परत बोलवायचा नाही.

त्यानंतर कधीतरी वर्तमानपत्रांत आलं की वनस्पती तुपात जनावरांची चरबी मिसळली जाते म्हणून. देशभर गवगवा झाला. सुलभेनं पेपर वाचला, घडी घातली, डबा उचलून उकिरड्यावर नेऊन पालथा केला आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी नवा डबा घेऊन मामांच्या दारात गेली. मामा, जरा ऐकता का. बघता बघता आळीतल्या बायकांची रांग लागली. कुणाच्या हातात तूप, कुणाच्या बिस्किटं, एकीनं तर साबण आणला होता. मामा प्रत्येक वस्तूला कान लावायचे, कुणाला मान हलवून हो म्हणायचे, कुणाला काही न सांगता वस्तू परत द्यायचे. ज्यांना काही सांगितलं नाही त्या बायका वस्तू घरी नेत नसत. त्यात गंमत होती, पण रांगेत कुणी हसत नव्हतं.

हे सगळं मंडळीच्या नव्या पाळकसाहेबांच्या, म्हणजे पाद्र्यांच्या, कानावर गेलं. नगरकडचे, तरुण, शिकलेले, सायकलवरून घरोघर फिरणारे. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. मामांनी मटण सोडलं यापेक्षा त्यांना धास्ती वेगळीच होती. माझ्यासमोर त्यांनी ती मामांना बोलून दाखवली. याकोबभाऊ, आपले आजे-पणजे ज्या शिवाशिवीतून बाहेर पडले, ती ताटातून परत घरात येते. आज तुम्ही मटण सोडलं, उद्या खाणाऱ्याच्या पंगतीला बसणं सोडाल. देवानं जे शुद्ध केलं त्याला तुम्ही अशुद्ध म्हणताय. आणि ते कान लावणं काय आहे, ते मला नीट कळतसुद्धा नाही.

मामा म्हणाले, मी कुणाची पंगत सोडली नाही. पाळक म्हणाले, मग हंगामाच्या सणाला सगळ्यांसमोर एक तुकडा खा. एकच. म्हणजे लोकांचं समाधान होईल. नाहीतर पंचाच्या जागेवर तुम्हाला ठेवता येणार नाही.

हंगामाचा सण म्हणजे शेतात आलेलं पहिलं देवापुढं आणायचं. ज्वारीची कणसं, भोपळे, तुरीच्या शेंगा, पाय बांधलेल्या कोंबड्या. उपासना झाली की चर्चच्या आवारात लिंबाखाली दुपारचं जेवण. त्या दिवशी रांधायला मार्थामामीच होत्या. मला आणि सुलभेला आमंत्रण होतं. सुलभा आली, पदरात केळी बांधून.

पंगत बसली. पाळकसाहेबांनी स्वतः वाढायला घेतलं आणि मामांच्या ताटात रश्श्यातला एक तुकडा ठेवला. मामांनी टोपी काढली. वाकले.

मी समोरच होतो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आधी जवळची माणसं थांबली, मग लांबची. भिंतीशी बांधून ठेवलेल्या कोंबड्यांची फडफड थांबली. लिंबावर कावळे होते, तेही गप्प. शेदीडशे माणसांच्या पंगतीत कुणाच्या चावण्याचा आवाज नाही. एका म्हातारीनं तोंडातला घास हळूच हातात काढून घेतला. मला काही ऐकू आलं असं मी म्हणणार नाही. पण त्या वेळी ऐकू येईल या भीतीनं मी श्वास धरून बसलो होतो, हे खरं.

मामा वर आले तेव्हा त्यांचा चेहरा ओला होता. ते म्हणाले, "पाळकसाहेब, देवाची मनाई न्हाई. शास्त्राची न्हाई. ह्या मंडळींनी खावं, पोटभर खावं, माझ्या मांडीला मांडी लावून खावं. मनाई माझी हाय. माझ्यापुरती."

पाळकांनी विचारलं, कारण काय. मामा म्हणाले की कारण माझ्या एकट्याचं नाही, ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी त्यांचं पंचपद गेलं. पाळकांनी जाहीर केलं तेव्हा त्यांचाच आवाज कापत होता. मामा नेहमीच्या जागेवरून उठून मागच्या बाकावर जाऊन बसले. पवित्र भाकरीचा विधी मात्र त्यांना चुकला नाही, तेवढं पाळकांनी केलं.

मामी ढासळल्या. नवऱ्याचं पद गेलं याचं त्यांना एवढं नव्हतं. एक दिवस भिंतीशी उभ्या राहून त्यांनी मला सांगितलं की दरवर्षी पावसाळ्यात एका ठरलेल्या दिवशी हे पहाटेच कुठंतरी जातात आणि दिवे लागल्यावर येतात. कुठं ते विचारलं तर सांगत नाहीत. परत आल्यावर आठ-आठ दिवस डोळ्याला डोळा लागत नाही, अंथरुणावर नुसते बसून असतात. आता वय झालंय, मागच्या वर्षी वाटेत चक्कर आली होती म्हणे. सर, या वर्षी तुम्ही संगं जा.

मी मामांना विचारलं. ते चला म्हणाले.

परभणीला गाडी बदलली आणि पुढं एका फाट्यावर उतरून कोसभर चाललो. गावाचं नाव मी सांगत नाही. मामांच्या पिशवीत साखर, चहापत्ती, एक लुगडं आणि शेळ्यांच्या जंताच्या औषधाची बाटली होती. चालता चालता त्यांनी एवढंच सांगितलं की आपण सोजरबाईकडे चाललोय. दंगलीत वस्ती पेटवली तेव्हा तिचा नवरा दगडू बाहेर पडला होता. दावणीला शेळ्या बांधलेल्या राहिल्या म्हणून सोडायला परत आत गेला. तो आलाच नाही. त्याच्या मृत जनावरांचा पंचनामा मामांनी केला होता. "दर साली येतो सर. एक गोष्ट सांगायची ऱ्हायलीय तिला. दर साली तशीच परत नेतो."

नवी वस्ती जुन्या वस्तीच्या बाजूला, पत्र्याची. जुनी जागा मोकळी. पावसाळ्याचे दिवस, चहूकडे गवत गुडघ्याएवढं, पण त्या जागेतल्या गवताला एकाही जनावराचं तोंड लागलेलं दिसत नव्हतं. आमच्यापुढं एक कळप चालला होता. त्या जागेशी आल्यावर कळप मधोमध फुटला, दोन्ही कडांनी वळसा घालून पलीकडे जाऊन एक झाला. राखणारी बाई मागून तशीच वळसा घालून गेली. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. मामाही कडेनंच गेले. मी पण.

सोजरबाई साठीच्या, वाळक्या, हसऱ्या. वाट बघत होत्या. चुलीवर कोंबड्याचं कालवण रटरटत होतं. मामांसाठी वर्षभर एक कोंबडा वेगळा राखते, असं मला त्यांनी कौतुकानं सांगितलं. मी मामांकडे बघितलं. त्यांनी माझी नजर चुकवली.

ताटं वाढली. मामांनी प्रार्थना केली आणि कान न लावता सरळ पहिला घास घेतला. कोंबड्याचा. चावला, गिळला, छान झालंय म्हणाले. शेदीडशे माणसांसमोर जे केलं नाही, ते या तीन पत्र्यांखाली करत होते, आणि त्यांच्या मानेवरची शीर ताठ झालेली मला दिसत होती.

मी इतकी वर्षं ज्या चवीसाठी झुरलो ती माझ्या पुढ्यात होती. माझा हात उठेना. मी भाकरीचा तुकडा मोडून तसाच धरून बसलो.

सोजरबाईंचं हसू हळूहळू उतरलं. त्या हलकेच म्हणाल्या, "सर बामनाचे हायेत. माज्या ध्यानातच न्हाई आलं. माज्या हातचं कसं चालंल."

मी घाईघाईनं म्हणालो, तसं नाही बाई, तसं मुळीच नाही. पण जेवतही नव्हतो, त्यामुळे त्या बोलण्याला काही अर्थ नव्हता. त्या ताट उचलायला पुढं झाल्या. तेव्हा मामांनी आपल्या ताटातला हात काढला.

"सोजरबाई, बसा. सरांचं त्या कारनानं न्हाई. माझ्यामुळं हाय. मी मटन सोडलंय, सरांना ठावं हाय."

त्या बसल्या.

"त्या वक्ताला मी पंचनाम्याला आलो. दोन दिवस पोटात काय नव्हतं. पाऊस पडून गेला व्हता, तरी वस्ती धुपायली व्हती. मी तोंडाशी आलो आनि वास आला. माझ्या तोंडाला पानी सुटलं. मला वाटलं, कुठंतरी मटन शिजायलंय. मी वासाच्या मागं मागं चालत आलो, सोजरबाई. भुकेनं आलो. आनि तुमच्या दावणीशी आलो. तिथं शेळ्या व्हत्या. आनि दगडूभाऊ व्हते."

बाहेर कुठंतरी एक करडू ओरडलं आणि थांबलं. तव्यावरची भाकर करपायला लागली, तिचा धूर झाला. सोजरबाईंनी ती उतरवली, करपलेला पापुद्रा नखानं काढत बसल्या. मामा मान खाली घालून होते. सहा फुटांचा माणूस, पण त्या वेळी हातभर दिसत होता.

मग त्या बोलल्या. "त्या दिशी आमाला शाळंत ठिवलं व्हतं. सांजच्याला कुनीतरी खिचडी आनली. मालक तिथं पडलेले, अजून उचललं बी न्हवतं. आनि मी दोन पत्रावळी खाल्ल्या. तिसरी मागून घेतली. आजपातूर कुनाला सांगितलं न्हाई." पापुद्रा त्यांनी चुलीत टाकला. "पोटाला काय कळतंय, मामा."

मामांनी आपल्या त्या फावड्यासारख्या हातानं चुलीतलं लाकूड आत सरकवलं.

मग सोजरबाईंनी विचारलं की तुम्ही सोडलंत तर इतकी वर्षं माझ्याकडे कसं खाल्लंत. मामा म्हणाले, तुमी वाढायलाव म्हनून. सोजरबाई म्हणाल्या, मी बी तवाधरनं तोंडाला लावलं न्हाई. तुमाला आवडतंय म्हनून करायली.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पहिल्यांदा कोण हसलं ते मला आठवत नाही. सोजरबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले, ते हसण्यानं की रडण्यानं हे बघायचं मी टाळलं. कालवणाचं पातेलं त्यांनी शेजारणीकडे पोचवलं, तिची लेकरं आनंदानं ओरडलेली ऐकू आली. मग बेसन कालवून पिठलं केलं. तिघं एकाच परातीभोवती बसून जेवलो. मी तीन भाकरी खाल्ल्या.

परत निघताना मामांनी औषधाची बाटली कशी द्यायची ते सांगितलं. पुढच्या साली येतो म्हणाले. सोजरबाई म्हणाल्या, मार्थाबाईंना घेऊन या.

परभणीला आम्हाला परळीकडे जाणारी गाडी मिळाली. दिवस अजून बराच होता. वाटेतल्या सिंगणापूरच्या पुढं गेलो असू, तोच मामांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी बघितलं तर झोपले होते. तोंड उघडं, श्वास लांब, लहान मुलासारखा. गोदावरीचा पूल आला, गाडी खडखडली, ते जागे झाले नाहीत. गंगाखेडचा स्टँड आला. कंडक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून, पुढची दोन तिकिटं दे, अशी खूण केली. गाडी सुटली, आमची आळी मागं गेली, चर्चचं कौलारू छप्पर मागं गेलं.

परळीला सगळी गाडी रिकामी झाली तेव्हा मामा दचकून उठले. खाली उतरून त्यांनी स्टँडवरची पाटी वाचली, मग पुन्हा वाचली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, तुमाला बी झोप लागली व्हती का?"

मी म्हणालो, हो मामा, लागली होती.